आता म्हणून दाखव

आमच्या निफाडात चाळिशी ओलांडलेला माणूस औषधाच्या दुकानात गेला, की औषध हातात पडल्यावर लगेच काउंटरवरून हलत नाही. पैसे देऊन झालेले असतात, पिशवी हातात असते, मागचा माणूस कोपराने ढोसत असतो, तरी हा आपला उभा. नव्या दुकानातल्या टी-शर्टवाल्या मुलीला हे कोडं सुटत नाही. "काका, अजून काही हवंय का?" असं ती विचारते. काका दचकतात, "नाही, नाही" म्हणतात आणि पायऱ्या उतरतात. त्यांना काही नको असतं. आपल्याला कुणीतरी विचारील म्हणून ते सवयीने थांबलेले असतात, आणि ते विचारणारा माणूस गेल्या श्रावणात गेला.

विनायक सोनवणे त्याचं नाव. सगळ्या गावाचे विनूभाऊ. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान रस्त्याच्या या बाजूला आणि त्यांचं मेडिकल बरोबर समोर. मध्ये एसटी कशीबशी जाईल एवढा रस्ता. त्यामुळे माझं सगळं कर्तं वय मी विनूभाऊंचा आवाज ऐकण्यात घालवलं. आवडीने ऐकला असं म्हणणार नाही. ऐकावाच लागायचा, कारण तो आवाज पेठेच्या त्या टोकाच्या पिठाच्या गिरणीलाही ऐकू जायचा.

"मावशे, ही पांढरी सकाळी, जेवल्यावर. ही पिवळी रात्री झोपताना. कळलं?"

"कळलं."

"कळलं नको. आता म्हणून दाखव."

"पांढरी सकाळी... आन् पिवळी... पिवळी दुपारी."

"दुपारी नाही, मावशे. दुपारी तू सुनेशी भांडायचं. पिवळी रात्री. हं, पुन्हा."

दुकानातली माणसं हसायची, मावशीही पदर तोंडाला लावून हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. सगळं नीट म्हटलं की विनूभाऊ पिशवी तिच्या हातात ठेवायचे आणि म्हणायचे, "बरोबर. आता जा." त्याआधी पिशवी सुटायची नाही. पैसे दिलेले असोत नाहीतर नसोत, म्हणून दाखवल्याशिवाय औषध नाही. यातून कुणाची सुटका नव्हती. एकदा नवे आलेले फौजदार खोकल्याचं औषध घ्यायला गाडीतून उतरले. विनूभाऊंनी त्यांनाही अडवलं. फौजदारांनी इकडे तिकडे पाहिलं, टोपी काखेत मारली आणि शाळेत कविता म्हणावी तसं "दोन दोन चमचे, तीन वेळा, वर पाणी प्यायचं नाही" हे म्हणून दाखवलं. भर बाजारात टाळ्या पडल्या. पुढे ते फौजदार बदलून जाईपर्यंत विनूभाऊंचे दोस्त होते.

ही पद्धत दुकान उघडल्या दिवसापासूनची नव्हे. सुरुवातीला तेही चारचौघांसारखे औषध द्यायचे, "समजलं ना?" विचारायचे आणि समोरचा मान डोलवायचा. मग नदीकाठच्या मळ्यातला दगडूबाबा आला. बाबाला ताप होता. विनूभाऊंनी गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या ते समजावलं. बाबाने प्रत्येक वाक्याला मान डोलवली. घरी जाऊन त्याने गोळ्यांची पाकिटं न फोडता, तशीच्या तशी, पाण्यात उकळायला ठेवली आणि काढा घेतात तसं ते पाणी दोन्ही वेळ प्यायला. चार दिवसांनी तक्रार घेऊन दुकानात हजर. "इनूभाऊ, तुझ्या गोळ्यात काय बी दम नाय. पान्याला रंगसुदिक उतरत नाय." आणि उकळून उकळून वाकडी झालेली पाकिटं त्याने काउंटरवर टाकली.

ही गोष्ट विनूभाऊ वर्षानुवर्षं सांगत. बाबाची कंबर, बाबाची काठी, चुलीपुढे फुंकर मारणारी म्हातारी, सगळं करून दाखवत. मी ती इतक्या वेळा ऐकली आहे की मला पाकिटांचा वाससुद्धा पाठ आहे. पण एकदा दोघेच असताना ते म्हणाले, "हसलो खरा, पण बाबाने दुसरं काही भलतं केलं असतं तर? मान डोलवणाऱ्या माणसावर कधी विश्वास ठेवू नये बघा. मान लाजेनं हलते. आत काय गेलंय ते तोंडातून बाहेर आल्याशिवाय कळत नाही." हे त्यांचं वाक्य मला पुढे फार वेळा आठवलं. त्यांना स्वतःला ते हवं त्या वेळी आठवलं नाही, हीच तर सगळी रड आहे.

मला ते 'गंभीरराव' म्हणत. मला हसू लवकर येत नाही, हे खरं आहे. घराण्याचाच गुण आहे तो. आमचे वडील सख्ख्या भावाच्या वरातीपुढेही कपाळाला आठ्या घालून चालले होते. पण विनूभाऊंनी ते नाव असं काही रूढ केलं की माझं खरं नाव अरुण आहे हे माझ्या व्याह्यांनाही पत्रिका छापताना कळलं. एखादा भोळा शेतकरी दिसला की विनूभाऊ त्याला गंभीर चेहऱ्याने सांगत, "ही गोळी माझ्याकडे नाही. समोर जा. गंभीररावांकडे हसायची गोळी मिळते." तो बापडा रस्ता ओलांडून यायचा आणि वह्यांच्या गठ्ठ्यांकडे बघत विचारायचा, "भाऊ, हसायची गोळी हाय का?" मी ओरडायचो. पलीकडे विनूभाऊ काउंटरला धरून वाकलेले असायचे. आता समोरून कुणी येत नाही. माझा धंदा शांततेत चालतो, आणि मला ती शांतता अजिबात आवडत नाही.

एका रंगपंचमीला त्यांनी जखमेवर लावायचं जांभळं औषध पिंपात कालवलं. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमीला जोर असतो, बाहेर पडलेला माणूस कोरडा परत जात नाही. त्या वर्षी अर्धी पेठ जांभळी झाली आणि धुऊन धुऊन कातडी सोलवटली तरी रंग हटेना. बँकेचे साहेब जांभळ्या बोटांनी सह्या करत होते. मी गुढीपाडव्याला जांभळ्या कानांनी गुढी उभारली. पण सगळ्यात मोठा घोटाळा विनूभाऊंच्याच घरात झाला. त्यांच्या बायकोच्या, मंदावहिनींच्या, चुलतबहिणीचं लग्न त्याच आठवड्यात येवल्याला होतं, आणि वहिनींचा गाल आणि मान पार रंगलेली. वहिनींनी बोलणं टाकलं. विनूभाऊंनी नकला केल्या, गाणी म्हटली, काही उपयोग नाही. शेवटी लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनी उरलेल्या औषधाने स्वतःचं अख्खं तोंड जांभळं करून घेतलं आणि तसेच मांडवात पंगत वाढायला उभे राहिले. पाहुणे वहिनींकडे बघायचंच विसरले. त्या लग्नाच्या फोटोत पैठणी नेसलेल्या वहिनी हसताना दिसतात, आणि शेजारी हे.

असा नवरा. आणि बाप त्याहून. दुपारी वहिनी डबा घेऊन दुकानात यायच्या, शाळेतून केतकी यायची, आणि विनूभाऊ शटर अर्धं खाली ओढायचे. एकट्याने जेवण त्यांच्या घशाखाली उतरत नसे. अर्ध्या शटरखालून मला फक्त तीन जोडी चपला दिसायच्या आणि हसण्याचा आवाज यायचा. द्राक्षाच्या दिवसांत, औषध फवारून डोळे लाल झालेली माणसं शटर वाजवायची. विनूभाऊ उष्ट्या हाताने उठायचे, डोळे धुवायला सांगायचे, थेंब द्यायचे, म्हणवून घ्यायचे आणि पुन्हा जाऊन ताटावर बसायचे.

केतकी त्यांची एकुलती एक. दुकानात एक उंच लाकडी स्टूल होतं, ते तिचं. पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून ती त्याच्यावर बसून बापाबरोबर "म्हणून दाखव" म्हणायची. संक्रांतीला मेडिकल बंद असायचं, वर्षातला तेवढाच दिवस. तिघं येवल्याला, वहिनींच्या माहेरी, पतंग उडवायला. येवल्याची संक्रांत ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. एका वर्षी त्यांनी मलाही ओढून नेलं. गच्चीवर चढायच्या आधी विनूभाऊंनी सगळ्यांना रांगेत बसवलं आणि मांजाने कापू नये म्हणून प्रत्येकाच्या बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळल्या. माझ्याही. मग केतकीच्या हातात आसारी दिली, त्यांच्याकडे मांज्याच्या फिरकीला आसारी म्हणतात, आणि बाप-लेकीचं सुरू झालं. बोलणं जवळजवळ नाहीच. बापाचा खांदा हलला की लेक ढील द्यायची, कोपर मागे आलं की गुंडाळायची. दुसऱ्याचा पतंग कापला की दोघं एकदमच "गई बोला रे!" ओरडायची. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, या दोघांना एकमेकांशी बोलावं लागत नाही बघा." त्या अभिमानाने म्हणाल्या होत्या. मलाही तेव्हा कौतुकच वाटलं.

पुढे केतकी नाशिकला फार्मसीला जाऊ लागली. सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळी उतरली की दप्तरासकट दुकानात. बी.फार्म. झाल्यावर ती पूर्ण वेळ काउंटरला उभी राहिली. तिच्या तोंडी बापासारखे विनोद नव्हते, पण म्हणवून घेणं तेवढंच कडक. आणि एक नवीनच गोष्ट घडली. आजवर ज्या बायका नवऱ्याला नाहीतर पोराला औषधाला पाठवायच्या, त्या आता स्वतः यायला लागल्या. खालच्या आवाजात केतकीशी बोलायच्या. अशा वेळी विनूभाऊ काहीतरी निमित्त काढून रस्ता ओलांडायचे आणि माझ्याकडे येऊन बसायचे.

असेच एकदा बसले असताना त्यांनी दुकानाकडे बघत मला सांगितलं, "गंभीरराव, माझ्या दुकानाला माणूस मिळाला. माझ्यापेक्षा बरा. ही इथं राहिली ना, तर मला दुसरं काही नको. जावईसुद्धा इथलाच बघीन, नाहीतर इथं आणून बसवीन."

"मग तिला सांगा की तसं," मी म्हणालो.

"तिला काय सांगायचं? तिला कळत नाही होय?"

"तुम्ही दगडूबाबाला काय म्हणाला होता?"

"अहो, ती माझी पोरगी आहे. दगडूबाबा नाही." आणि ते उठून माझ्या दुकानातल्या रंगीत खडूने माझ्याच पाटीवर माझं आठ्या घातलेलं तोंड काढू लागले. विषय संपला. विनूभाऊंना अडचणीचा विषय संपवायचा असला की ते माणसाला हसवत. माझ्यासारख्यालासुद्धा.

मग हैदराबादची नोकरी आली. औषधाच्या मोठ्या कंपनीत. केतकीने कधी अर्ज केला होता ते वहिनींनाही माहीत नव्हतं. मैत्रिणींनी भरला म्हणून हिनेही भरला, एवढंच. फोन आला तेव्हा ती नाशिकला काही कामाला गेली होती. एसटीतून उतरली ती सरळ दुकानात आली. संध्याकाळची गर्दीची वेळ. मी समोर वह्यांचे गठ्ठे सोडत होतो. त्यांचे शब्द मला स्पष्ट ऐकू येत होते, कारण विनूभाऊंच्या दुकानात हळू बोलायची पद्धतच नव्हती.

"बाबा, मला नोकरी लागली. हैदराबादला."

विनूभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात कुणाची तरी बाटली होती. आणि मग त्यांनी जो काही तमाशा मांडला! खोकल्याच्या गोळ्यांची बरणी उघडली आणि पेढे वाटावे तसे त्या गोळ्या रस्त्यावरच्या प्रत्येकाला वाटल्या. मलाही आणून दिली. "घ्या गंभीरराव, तोंड गोड करा. घसाही सुटेल." परत दुकानात शिरताना ते केतकीला म्हणाले, "जा बाई जा! तुझ्या स्टुलावर आता मी पाय ठेवून पेपर वाचीन. नाहीतर फ्रिज ठेवतो. तुझ्यापेक्षा तो कमी बोलेल."

लोक हसले. केतकीही हसली. मग ती म्हणाली, "पण दुकानाचं काय, बाबा?"

"दुकानाला काय धाड भरलीय? तू जन्मायच्या आधी चालत नव्हतं का?"

केतकी स्टुलावर हात ठेवून उभी होती. बराच वेळ उभी होती. तिला काहीतरी ऐकायचं होतं, हे रस्त्याच्या या बाजूने मला दिसत होतं. विनूभाऊंना दीड हातावरून दिसलं नाही, असं मला वाटत नाही. त्यांनी विचारलं, "जायचं ना मग?" तिने मान डोलवली. त्यांनीही मान डोलवली. आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "हं दादा, कधी घ्यायची ही? म्हणून दाखवा."

ती गेल्यावर मी त्यांना सरळच विचारलं, की तुम्ही तिला थांब का म्हणाला नाहीत. ते म्हणाले, "पोरीच्या पायात दुकान कसं बांधायचं हो? आणि तिला थांबायचं असतं तर ती म्हणाली नसती का?" मी म्हणालो, "तिलाही हेच वाटलं असेल." त्यावर त्यांनी मला एक खोकल्याची गोळी दिली. मला त्या माणसाचा त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा जांभळ्या कानांच्या वेळीही आला नव्हता. अख्ख्या तालुक्याकडून वदवून घेणारा माणूस, आणि घरातली एक गोष्ट त्याला ना सांगता आली, ना म्हणवून घेता आली.

केतकीचं तिकडेच लग्न झालं, तिकडेच मूल झालं. दिवाळीला यायची, स्टुलावर बसायची, चार दिवसांत जायची. शटरखाली आता दोन जोडी चपला दिसायच्या. हसण्याचा आवाज यायचा, पण तो एकट्या विनूभाऊंचा. वहिनींना त्यांनी शेवटपर्यंत हसवलं, उदास दिसू दिलं नाही, स्वतःही दिसले नाहीत. फक्त गर्दी नसली की ते त्या स्टुलावरची धूळ पुसायचे. पाय काही त्यांनी ठेवला नाही. फ्रिजही ठेवला नाही.

दुकान विकायची वेळ आली ती एका साध्याच प्रसंगाने. मी पाच गोळ्यांसाठी काउंटरला उभा होतो. माझ्यापुढे एक म्हातारी होती, मळ्यातली. विनूभाऊंनी तिला दोन पाकिटं दिली, समजावलं आणि म्हणाले, "हं, आता म्हणून दाखव."

म्हातारी गोंधळली. "परत एकदा सांग रे बाबा. काय म्हनलास?"

विनूभाऊंनी पाकिटांकडे पाहिलं. मग म्हातारीकडे. मग माझ्याकडे. आपण आत्ताच काय सांगितलं ते त्यांना आठवत नव्हतं. चिठ्ठी समोर होती, तीवरून वाचून त्यांनी पुन्हा सांगितलं, म्हातारीने म्हणून दाखवलं, औषध बरोबर गेलं. "बरोबर. आता जा," हेही म्हणाले. पण नंतर ते काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. "चूक झाली नाही," ते मला म्हणाले, "पण होईल." त्यात विनोद नव्हता. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा एवढं लहान वाक्य बोलताना ऐकलं.

एका मोठ्या कंपनीची माणसं बरेच दिवस मागे होती. त्यांना दुकान द्यायचं ठरलं. केतकीला फोन त्यांनी माझ्याच दुकानात बसून लावला. मला वाटलं, आता तरी. पण फोन उचलला गेला आणि यांचा आवाज चढला. "काय मॅडम, दुकान विकतोय! आठवण म्हणून एखादा फ्रिज पाठवू का?" पलीकडून एवढंच आलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, बाबा." फोन ठेवल्यावर विनूभाऊ म्हणाले, "बघा, तिलाही नकोच होतं." मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. ते माझ्याकडे येऊन बसत, मी वह्या मोजत असे.

जुनी पाटी उतरली, काचा लागल्या, आत गार हवा आली. वहिनींनी येवल्याला माहेरी राहायला जायचं ठरवलं. तिथं भावाचा आधार होता, विनूभाऊंकडे लक्ष द्यायला माणसं होती. घर आवरायला केतकी आली. निघायच्या दिवशी ती माझ्याकडे निरोप घ्यायला आली. दुपारची तिची गाडी नाशिकरोडहून होती. भाड्याची मोटार सामान भरून बाहेर उभी होती. विनूभाऊ आणि वहिनी मागल्या सीटवर बसलेले. तिला स्टेशनवर सोडून तीच मोटार पुढे त्यांना येवल्याला नेणार होती. रस्ता उलटा पडत होता, पण विनूभाऊंनी हट्ट धरला होता.

केतकी समोरच्या काचांकडे बघत होती. "काका, तेव्हा मी कंपनीला लगेच हो म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "दोन दिवस मागून घेतले होते. म्हटलं, बाबा एकदा थांब म्हणतील. मला जायचंच नव्हतं. पण त्यांनी असे पेढे वाटल्यासारख्या गोळ्या वाटल्या, मला वाटलं, आपण गेलो की यांना मोकळं वाटेल."

मी तिला सांगितलं. "माझ्या दुकानाला माणूस मिळाला" हे त्यांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, तिच्या बापाने मला लावलेल्या सवयीप्रमाणे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "हे त्यांनी तुम्हाला सांगितलं. मला नाही." मी तिच्या लेकासाठी रंगपेटी बांधून दिली.

तेवढ्यात वहिनींनी गाडीतून हाक मारली. विनूभाऊंच्या महिन्याच्या गोळ्या घ्यायच्या राहिल्या होत्या. विनूभाऊ स्वतःच उतरले आणि त्या काचेच्या दारातून आत गेले. केतकी मागे धावली, मीही गेलो. का गेलो ते माहीत नाही. ते नवं दुकान झाल्यापासून मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं.

काउंटरवरच्या टी-शर्टवाल्या मुलीने पाकिटं काढली, पिशवीत घातली, पिशवी त्यांच्या हातात दिली. चांगली मुलगी होती, हसून दिली. विनूभाऊ उभे राहिले.

"आजोबा, अजून काही हवंय का?"

विनूभाऊ तिच्याकडे बघत राहिले. त्यांची वाट बघण्याची ती तऱ्हा मी हजार माणसांच्या तोंडावर पाहिली होती, काउंटरच्या अलीकडच्या बाजूने. त्यांच्या तोंडावर कधी पाहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

केतकी पुढे झाली. तिने त्यांच्या हातातली पिशवी उघडली. "बाबा, ही पांढरी कधी?"

"सकाळी. जेवल्यावर."

"आणि ही छोटी?"

"रात्री." ते थांबले. "रात्री झोपताना."

"बरोबर," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून दाराकडे वळली. ते हलले नाहीत.

"अजून एक आहे," विनूभाऊ म्हणाले.

"काय, बाबा?"

"तू जाऊ नकोस."

मी पुढच्या विनोदाची वाट पाहिली. फ्रिजची, स्टुलाची, कशाची तरी. तो आला नाही. केतकीचे डोळे भरून आले होते. तिने मान डोलवली.

"मान नको डोलवू," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणून दाखव."

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. वहिनी काचेतून आत बघत होत्या. केतकीने बापाचे दोन्ही हात पिशवीसकट आपल्या हातात घेतले आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी जात नाही, बाबा."

विनूभाऊंनी तिचं बोलणं नीट ऐकून घेतलं, पिशवी तिच्या हातातून सोडवून घेतली आणि तिला बाहेरच्या मोटारीकडे वळवून पाठीवर थाप मारली.

"बरोबर," ते म्हणाले. "आता जा."